डबा दाराशी ठेवणारी माणसं

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यात पीटरबरो नावाचं एक छोटं गाव आहे. गावाबाहेर साडेचारशे एकराचं रान आहे आणि त्या रानात एकमेकांपासून लांब लांब उभे असलेले ३२ स्टुडिओ आहेत. दुपारच्या सुमाराला प्रत्येक स्टुडिओच्या ओट्यावर जेवणाची एक टोपली येऊन बसते. आणणारा माणूस दार वाजवत नाही, हाक मारत नाही. आत कुणी कादंबरीत अडकलेला असतो, कुणी पियानोवर एकच ओळ शंभरदा वाजवत असतो, कुणी नुसताच खिडकीबाहेर बघत असतो. त्याला भूक लागेल तेव्हा तो दार उघडेल. न बोलावता दुसऱ्याच्या स्टुडिओत जायचं नाही, हा इथला जुना नियम. संध्याकाळी सगळे एकत्र जेवतात. राहण्याजेवणाचे पैसे कुणीच देत नाही.

या ठिकाणाचं नाव मॅकडॉवेल. कलावंतांनी काही आठवडे यावं, संसार आणि नोकरी बाहेर ठेवून काम करावं आणि परत जावं, अशा ना-नफा संस्थांमधली ही अमेरिकेतली सगळ्यांत जुन्यांपैकी एक. दुसरी तितकीच नामांकित संस्था न्यूयॉर्क राज्यात सॅराटोगा स्प्रिंग्जला आहे, तिचं नाव यॅडो. या दोन्ही जागांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण बहुतेक सगळं तिथे राहून गेलेल्यांविषयी. थॉर्नटन वाइल्डर, जेम्स बाल्डविन, सिल्विया प्लाथ, ट्रुमन कपोटी अशी नावं घेतली की लेख आपोआप चमकायला लागतो. मला कुतूहल आहे ते टोपली पाठवणाऱ्यांचं. हे रान कोण राखतं? कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही, हे कोण ठरवतं? पैसा कुठून येतो? आणि एखादा मोठा कलावंतच घरावर उठला, तर घराच्या बाजूने कोण उभं राहतं?

मॅकडॉवेलची सुरुवात एका बाईंच्या वहीखात्यातून झाली असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. मेरिअन नेव्हिन्स ही न्यूयॉर्कची मुलगी, जन्म १८५७चा. पियानो शिकायला जर्मनीत गेली. पियानोवादक क्लारा शुमानकडे शिकण्याची इच्छा होती, पण फ्रँकफुर्टमध्ये शिकवणी लागली ती एडवर्ड मॅकडॉवेल या तरुण अमेरिकन संगीतकाराकडे. १८८४ साली दोघांचं लग्न झालं. नवऱ्याने शिकवण्या सोडून फक्त संगीत रचावं म्हणून मेरिअनबाईंनी स्वतःच्या वारशाच्या थोड्याशा पैशांवर जर्मनीत संसार चालवला. पुढे एडवर्ड अमेरिकेतला नावाजलेला संगीतकार झाला. १८९६ साली कोलंबिया विद्यापीठाने संगीताचा पहिला प्राध्यापक म्हणून त्याला नेमलं. त्याच वर्षी मेरिअनबाईंनी पीटरबरोची शेतवाडी विकत घेतली. नंतर त्याच्यासाठी रानात ओंडक्यांची एक खोपी बांधून घेतली. तो सकाळी तिथे जाऊन बसायचा आणि दुपारचं जेवण त्या दाराशी ठेवून यायच्या. टोपलीची प्रथा तिथली.

१९०४ साली विद्यापीठाच्या अध्यक्षाशी जाहीर खटका उडून एडवर्डने राजीनामा दिला. त्याच वर्षी एका घोडागाडीने त्याला धडक दिली. त्यानंतर त्याची बुद्धी हळूहळू विझत गेली आणि तो लहान मुलासारखा झाला. न्यूयॉर्कच्या मेंडेल्सन ग्ली क्लबने १९०६ साली त्याच्यासाठी निधी जमवायला घेतला. निधीला पाठिंबा देणाऱ्यांत माजी राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड, अँड्र्यू कार्नेगी आणि जे. पी. मॉर्गन होते. कलावंतांना तिथे येऊन काम करता यावं म्हणून मेरिअनबाईंनी शेतवाडी नव्या संस्थेच्या नावे करून दिली. १९०७ साली शिल्पकार हेलन मीअर्स आणि तिची लेखिका बहीण मेरी या पहिल्या पाहुण्या आल्या. १९०८च्या जानेवारीत एडवर्ड गेला, वय अवघं ४७.

इथपर्यंतची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. नवऱ्याच्या नावाने बायको स्मारक उभारते, उद्घाटन होतं, पुढे कुलूप लागतं. मेरिअनबाईंनी कुलूप लागू दिलं नाही. मोठ्या लोकांची नावं पत्रकावर होती, पण दरवर्षी छपरं शाकारायला आणि दूध-भाजीला पुरेल एवढा पैसा त्यांतून येत नव्हता. बाई पन्नाशीच्या होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे कुबड्या वापराव्या लागत. त्या पुन्हा पियानोवर बसल्या, रियाज केला आणि देशभर दौरे सुरू केले. एडवर्डच्या रचना वाजवायच्या, मध्ये संस्थेविषयी बोलायचं आणि बिदागी संस्थेत जमा करायची. जवळजवळ पाव शतक हे चाललं. गावोगावच्या संगीतप्रेमी बायकांनी 'मॅकडॉवेल क्लब' काढले आणि त्यांच्या वर्गण्यांतून स्टुडिओ उभे राहिले. मॉर्गन-कार्नेगींची नावं सगळे सांगतात. माझ्या मते या संस्थेचा खरा आश्रयदाता म्हणजे छोट्या गावांतल्या या पियानो शिकलेल्या गृहिणी.

पैसा आणला म्हणून बाई मालकीण झाल्या नाहीत, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कुणी काय लिहिलं, किती लिहिलं याचा हिशेब त्यांनी मागितला नाही. एडविन आर्लिंग्टन रॉबिन्सन हा अबोल कवी १९११ साली आला, त्याला जागा मानवली आणि मरेपर्यंत जवळजवळ प्रत्येक उन्हाळा त्याने तिथे काढला. संगीतकार एमी बीचला रानातल्या पक्ष्याचं गाणं ऐकून १९२१ साली पियानोच्या रचना सुचल्या. तिने मृत्युपत्रात आपल्या रॉयल्टीचे हक्क संस्थेला दिले. वाइल्डरच्या 'अवर टाउन' नाटकातलं गाव बरंचसं पीटरबरोवरूनच उचललेलं आहे. १९३८च्या सप्टेंबरात न्यू इंग्लंडमध्ये भयानक चक्रीवादळ आलं आणि राखलेल्या रानातली असंख्य झाडं उन्मळून पडली. तेव्हा बाई ८० वर्षांच्या होत्या. त्यांनी पुन्हा मदतीसाठी हात पसरला आणि जागा उभी केली. १९५६ साली वयाच्या ९८व्या वर्षी त्या गेल्या. ज्या संगीतकाराच्या नावाने हे सगळं उभं राहिलं, त्याची 'टु अ वाइल्ड रोझ' सोडली तर फार थोडी रचना आज लोकांना आठवते. बायकोने उभारलेली संस्था मात्र जगाला माहीत आहे.

यॅडोची गोष्ट श्रीमंत घरातली आहे आणि दुःखाची. स्पेन्सर ट्रास्क हा न्यूयॉर्कचा बडा सावकार. एडिसनच्या विजेच्या उद्योगात त्याने पैसा घातला होता आणि १८९६ साली डबघाईला आलेल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या फेरउभारणीत त्याचा हात होता. त्याला आणि त्याची बायको कॅट्रिनाला चार मुलं झाली. चारही लहानपणीच गेली. 'यॅडो' हे नाव त्यांतल्याच एका मुलीने बोबड्या बोलात ठेवलेलं. १८९१ साली घरही जळलं आणि त्याच जागी १८९३ साली दगडी हवेली उभी राहिली. वारस नव्हता. आपल्या मागे या घरात कलावंतांनी राहावं, अशी कल्पना कॅट्रिनाने काढली आणि १९०० साली तशी कायदेशीर संस्था नोंदवली गेली. पण पाहुणे यायला आणखी २६ वर्षं लागली. १९०९च्या शेवटच्या दिवशी स्पेन्सर आगगाडीच्या अपघातात गेला. कॅट्रिनाने हवेली बंद केली आणि आवारातल्या लहान घरात राहून पैसा शिल्लक टाकला. नवऱ्याचा भागीदार आणि दोघांचा जुना मित्र जॉर्ज फॉस्टर पीबडी याच्याशी तिने १९२१ साली लग्न केलं आणि पुढच्याच वर्षी ती वारली.

पीबडीकडे आता हवेली होती, ४०० एकर जमीन होती, संस्थेची घटना होती. नव्हतं ते चालवणारं माणूस. ते अनपेक्षितपणे सापडलं. पीबडीने दत्तक घेतलेल्या तरुणीची थोरली बहीण एलिझाबेथ एम्स ही मिनिआपोलिसकडची विधवा शिक्षिका. १९२४ साली तिला संचालिका नेमलं. दोन वर्षं तयारीत गेली आणि १९२६च्या उन्हाळ्यात पहिले पाहुणे आले. एम्सबाईंनी हा कारभार १९६९पर्यंत पाहिला, म्हणजे तब्बल ४५ वर्षं.

एम्सबाई कडक होत्या. सकाळी नऊ ते दुपारी चार कुणी कुणाशी बोलायचं नाही, भेटायला जायचं नाही. जेवण डब्यातून न्यायचं. कुणी नियम मोडला की बाई तोंडाने काही बोलत नसत, निळ्या कागदावर चिठ्ठी पाठवत. पुढे पुढे त्यांना ऐकू कमी येऊ लागलं. पाहुण्यांनी त्यांच्यावर विनोद केले, त्यांच्या आवडीनिवडींवर कुजबूज केली, आणि त्यांत तथ्यही होतं. त्यांचे लाडके होते. काहींना त्या महिनोन्‌महिने ठेवून घेत. मंदीच्या काळात ज्याला घरभाडं परवडत नव्हतं अशा लेखकाला हिवाळाभर छप्पर मिळालं ते या लाडामुळेच. जॉन चीव्हरने १९३३ साली अर्ज केला तेव्हा त्याला नकार मिळाला, पुढच्या वर्षी बोलावणं आलं. तेव्हा तो बावीस वर्षांचा कफल्लक पोरगा होता. १९४२ साली लँग्स्टन ह्यूज या कृष्णवर्णीय कवीला यॅडोने बोलावलं. अमेरिकेत त्या काळी अनेक हॉटेलं त्याला खोली देत नव्हती, हे लक्षात ठेवलं तर त्या बोलावण्याचं वजन कळतं.

याच लाडक्यांपैकी एक होती अ‍ॅग्नेस स्मेडली. मराठी वाचकाने हिच्यापाशी थोडं थांबायला हवं. मिसूरीच्या गरीब घरातली ही पत्रकार पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कमध्ये लाला लजपतराय यांच्या सहवासात आली आणि हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या कामात पडली. १९१८ साली त्यापायी तुरुंगात गेली. पुढे बर्लिनमध्ये सरोजिनी नायडूंचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याबरोबर तिने काही वर्षं संसार केला. मग ती चीनला गेली. १९३७ साली कम्युनिस्ट सेनापती चू तेह याने जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. त्यामागे स्मेडलीचा आग्रह होता आणि तिनेही नेहरूंना लिहिलं. या हाकेला उत्तर म्हणून काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टर चीनला पाठवले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस परत आले नाहीत. १९४२च्या डिसेंबरात चीनमध्येच वारले. कोटणीसांवरचा शांतारामबापूंचा चित्रपट आपल्याला माहीत असतो, त्या हाकेमागची ही बाई सहसा माहीत नसते.

१९४३ साली स्मेडली यॅडोला आली ती १९४८पर्यंत राहिली. तिथे ती त्याच चू तेहचं चरित्र लिहीत होती. महायुद्ध संपलं आणि अमेरिकेची हवा पालटली. कम्युनिस्ट म्हटलं की संशय. स्मेडलीच्या राजकारणाचा घराला त्रास होऊ लागला तेव्हा एम्सबाईंनी स्वतःच तिला निघायला सांगितलं. मैत्रिणीला असं सांगणं सोपं गेलं नसणार.

तरी व्हायचं ते झालंच. १९४९च्या फेब्रुवारीत अमेरिकन लष्कराने जपानमधल्या सोव्हिएत हेरांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला आणि त्यात स्मेडलीचं नाव आलं. थोड्याच दिवसांत लष्कराने पुरावा नसल्याचं मान्य करून आरोप मागे घेतला. पण तोवर एफबीआयची माणसं यॅडोत येऊन पाहुण्यांची चौकशी करून गेली होती. पुढे उघड झालं की एम्सबाईंची सेक्रेटरीच गेली काही वर्षं एफबीआयला खबरा पुरवत होती.

त्या हिवाळ्यात हवेलीत मोजकेच पाहुणे होते. त्यांत होता रॉबर्ट लोवेल, वय ३१, दोन वर्षांपूर्वीच पुलित्झर मिळालेला कवी. महायुद्धात लढायला नकार देऊन तुरुंगात गेलेला माणूस. लेखिका एलिझाबेथ हार्डविक होती, आणि तेव्हा फारशी कुणाला माहीत नसलेली फ्लॅनरी ओकॉनर. एम्सबाईंनी कम्युनिस्टांना थारा दिला अशी तक्रार घेऊन लोवेलच्या पुढाकाराने हे सगळे विश्वस्तांकडे गेले. २६ फेब्रुवारीला विश्वस्तांची बैठक भरली आणि लोवेल तिथे सरकारी वकिलासारखा उभा राहिला. संस्था म्हणजे शरीर आणि संचालिका म्हणजे त्यातला सडलेला अवयव, अशा अर्थाची त्याची भाषा होती. मागणी एकच, एम्सबाईंना ताबडतोब काढा. त्या समोर बसून ऐकत होत्या. साक्षी म्हणून पुढे आल्या त्या घरातल्या कुजबुजी: कोण कुणाशी काय बोललं, जेवणाच्या टेबलावर कुणी कशाची बाजू घेतली. ज्या घराने या सगळ्यांना फुकट जेवू घातलं, त्याच घरातल्या गप्पांचं आरोपपत्र झालं.

विश्वस्तांपुढचा पेच साधा नव्हता. समोर देशातला सर्वांत चर्चेतला तरुण कवी होता. बाहेर वातावरण असं की कम्युनिस्टांना थारा देणारं घर असा शिक्का बसला तर देणग्या आटल्या असत्या. विश्वस्तांमध्ये सॅराटोगाचे व्यापारी-वकील होते तसे माल्कम काउलीसारखे लेखक-समीक्षकही. एक राजीनामा घेऊन प्रकरण मिटवता आलं असतं. त्यांनी घाई केली नाही, निर्णय महिनाभर पुढे टाकला. मधल्या काळात चीव्हर, अल्फ्रेड केझिन, एलिनोर क्लार्क अशा जुन्या पाहुण्यांनी एम्सबाईंच्या बाजूने पत्रक फिरवलं आणि सह्या गोळा केल्या. पंधरा वर्षांपूर्वी छप्पर मिळालेला पोरगा आता सही घेऊन उभा होता. मार्चअखेर विश्वस्तांनी आरोप फेटाळले आणि एम्सबाई पदावर राहिल्या. लोवेलला त्या वसंतात उन्मादाच्या आजारामुळे मनोरुग्णालयात भरती करावं लागलं. फेब्रुवारीतलं त्याचं वागणं त्या आजाराच्या सुरुवातीचं होतं, हे नंतर कळलं. स्मेडली पुढच्या वर्षी मे महिन्यात ऑक्सफर्डला वारली. चू तेहचं चरित्र तिच्या पश्चात १९५६ साली निघालं. एम्सबाईंनी या प्रकरणानंतर आणखी वीस वर्षं त्याच घरात, त्याच निळ्या चिठ्ठ्या पाठवत काढली.

मला या प्रकरणात विश्वस्तांचं मोठेपण वाटतं ते एवढंच, की त्यांनी एम्सबाईंना देवी ठरवलं नाही आणि लोवेलला खलनायक ठरवलं नाही. त्यांनी पुरावा मागितला आणि तो नाही हे बघितलं. विश्वस्ताचं काम बहुतेक वेळा कंटाळवाणं असतं: जमाखर्च, गळकी छपरं, विमा. पण दहा-वीस वर्षांतून एखादी दुपार अशी येते की खुर्ची कशासाठी दिली आहे ते कळतं.

त्या प्रकरणातला दोष मात्र लपवण्यासारखा नाही. एका बाईच्या मर्जीवर पाहुणा पाच वर्षं राहू शकत होता, ही व्यवस्था संस्थेसाठीही धोक्याचीच होती. आता यॅडोत मुक्काम दोन आठवडे ते दोन महिने. निवड संचालक करत नाही. त्या त्या कलेतल्या जाणकारांची मंडळं करतात आणि ती मंडळं बदलत राहतात. मॅकडॉवेलमध्येही असंच आहे, तिथे वर्षाला सुमारे ३०० कलावंत येतात. विश्वस्त पैसा आणि धोरण पाहतात, संचालक घर चालवतो, निवड तिसरेच करतात. देणगीदाराच्या मुलीला खोली हवी असेल तर संचालकाला हात जोडून सांगता येतं की ते माझ्या हातात नाही. सगळ्यांत जास्त उपयोगाची सोय हीच असावी असा माझा तर्क आहे.

विश्वस्त मंडळांत कलावंतही बसतात आणि ती केवळ शोभा नसते. संगीतकार एरन कोपलंड हा साठच्या दशकात काही वर्षं मॅकडॉवेलचा अध्यक्ष होता. अलीकडे कादंबरीकार मायकेल शेबॉन आणि नंतर इतिहासकार नेल पेंटर यांनी तिथलं अध्यक्षपद सांभाळलं. २०२० साली पेंटर यांच्या काळात कर्मचाऱ्यांच्या मागणीवरून विश्वस्तांनी संस्थेच्या नावातून 'कॉलनी' काढून टाकलं. ज्यांच्या हातांनी टोपल्या भरल्या जातात त्यांचं ऐकून नाव बदलणं, हे मला कुठल्याही पदकापेक्षा मोठं वाटतं. पदकही मिळालेलं आहे, १९९७ सालचं राष्ट्रीय कला पदक.

पैशाची एक गोष्ट सांगायलाच हवी. १९४८च्या उन्हाळ्यात पॅट्रिशिया हायस्मिथ नावाची २७ वर्षांची मुलगी कपोटीच्या शिफारशीवर यॅडोत आली. साधारण दोन महिने राहिली. 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन' या कादंबरीचं बरंचसं काम तिथे झालं. पुढे ती युरोपात गेली आणि एकटी, तिरसट म्हणून प्रसिद्ध झाली. १९९५ साली ती वारली तेव्हा समजलं की सुमारे ३० लाख डॉलरची मिळकत आणि पुस्तकांची पुढची रॉयल्टी तिने यॅडोला ठेवली आहे. दोन महिन्यांच्या जेवणाची परतफेड. ती झाली म्हणून सांगितली जाते; ती न करणाऱ्या हजारोंना कुणी कधी बिल पाठवलं नाही, हेही तितकंच खरं.

यॅडोची सगळी जुनी कागदपत्रं आता न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत आणि मॅकडॉवेल दांपत्याचा संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये. अर्ज, नकार, शिफारशी, किराणा, तक्रारी, सगळं. आपल्यावरच्या आरोपांची टिपणंसुद्धा जपून ठेवणारी संस्था विरळा. आपल्याकडे किती वाङ्मयीन संस्थांची पन्नास वर्षांपूर्वीची इतिवृत्तं सापडतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

महाराष्ट्रात आणि गोव्यात हौसेची माणसं कमी नाहीत. कोकणातला वडिलोपार्जित वाडा, पाचगणीकडचा बंद बंगला, नद्यांकाठच्या जमिनी. 'इथे लेखकांनी येऊन राहावं' असं मनात असलेले मालक मला भेटत असतात. बहुतेकांची सुरुवात बांधकामापासून होते: आर्किटेक्ट येतो, कोनशिला बसते, कुणाच्या तरी नावाची पाटी लागते. यॅडोकडे हवेली, जमीन, पैसा सगळं २६ वर्षं होतं आणि एकही पाहुणा आला नव्हता. एम्सबाई आल्यावर दोन वर्षांत घर भरलं. मॅकडॉवेलकडे एक शेतवाडी आणि एक खोपी होती, पण मेरिअनबाई होत्या. तेव्हा माझी विनंती एवढीच. ज्यांच्याकडे असा वाडा आहे त्यांनी रंगरंगोटी पुढच्या वर्षावर टाकावी. आधी एक चांगलं माणूस शोधावं, दहा वर्षांच्या त्याच्या पगाराचे पैसे वेगळे काढून ठेवावेत, आणि त्याला नकार देण्याचा अधिकार लेखी द्यावा, मालकाच्या मित्रांनासुद्धा.